छपराचे वासे : माप कोठून धरावे आणि कापणी कशी करावी?

(चर्चामंचावरील धागा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

वळचण

राहत्या घराला जोडून एक खोली बांधत आहे. तिच्यावर दोन पाख्यांचे उतरते छप्पर येणार असून भिंती पूर्ण झाल्या आहेत आणि त्यांच्या माथ्यावर वासे टेकवण्यासाठीची लाकडी पट्टीही बोल्टने आवळली आहे. पुढे मी तिला भिंतपट्टी म्हणतो. लाकडांचे आकार, जोड आणि बोल्ट संरचना अभियंत्याने ठरवून दिलेले असल्यामुळे तो विषय येथे नको. प्रश्न केवळ मापाचा आणि कापणीचा आहे.

मापे अशी आहेत : एका भिंतपट्टीच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या भिंतपट्टीच्या बाहेरच्या कडेपर्यंत ६००० मिमी, उतार ३० अंश, वासे ५० × १५० मिमी, आढ्याची फळी (माथ्यावर दोन्ही बाजूंचे वासे जिला टेकतात ती) ४० मिमी जाड, भिंतपट्टी १०० मिमी रुंद आणि भिंतीबाहेर वळचण आडव्या मापाने ६०० मिमी.

त्रिकोणाचा हिशेब मला येतो. ३००० मिमी पाया आणि ३० अंशांचा कोन धरला की कर्ण ३४६४ मिमी येतो. मात्र हा कर्ण प्रत्यक्ष लाकडावर कोठून कोठपर्यंत धरायचा, हे उमगत नाही. तो वरच्या कडेवर मोजायचा की खालच्या? वासा भिंतपट्टीवर बसावा म्हणून त्याच्या खालच्या कडेत जी खाच कापतात तिच्या कोपऱ्यापासून की भिंतीच्या बाहेरच्या बाजूपासून? आढ्याची जाडी कोणी पूर्ण वजा करायला सांगतो, कोणी अर्धी, तर कोणी म्हणतो की एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. दुसरा प्रश्न असा की सगळे वासे हिशेबाने एकदम कापावेत, की प्रत्येक वासा वर धरून त्याच्या जागेपुरता मापून कापावा?

गुण्या

आपला हिशेब बरोबर आहे. ते माप लाकडाच्या कोणत्या तरी एका कडेचे असले पाहिजे, असे आपण गृहीत धरले आहे आणि घोळ तेथेच होतो आहे. ३४६४ हे दोन ओळंब्याच्या, म्हणजे वासा जागेवर बसल्यावर उभ्या येणाऱ्या, रेषांमधले, उताराच्या दिशेने मोजलेले अंतर आहे. पहिली रेषा भिंतपट्टीच्या बाहेरच्या कडेवरून उभी जाते आणि दुसरी आढ्याच्या जाडीच्या बरोबर मध्यातून. वाशाच्या दोन्ही कडा समांतर असल्यामुळे या दोन रेषांमधले अंतर वरच्या कडेवर मोजा, खालच्या कडेवर मोजा की अंगावर मधोमध मोजा, ते सारखेच येते. म्हणून मी नेहमी वरच्या कडेवर मोजतो, कारण तेथे टेप सरळ पडतो आणि खाचेची अडचण येत नाही.

क्रम असा ठेवावा. वाशाच्या माथ्याकडे ३० अंशांची ओळंब्याची रेषा आखावी. ही आढ्याच्या मध्याची रेषा झाली. ती वरच्या कडेला जेथे मिळते तेथून वरच्या कडेनेच ३४६४ मिमी मोजून दुसरी ओळंब्याची रेषा खालपर्यंत आखावी. ही भिंतपट्टीच्या बाहेरच्या कडेची रेषा. खाचेची टाच, म्हणजे खाचेचा उभा काप, याच रेषेवर येतो. त्यापुढे वळचणीचे माप धरून तिसरी रेषा आखावी. आढ्याची वजावट या तिन्ही रेषा आखून झाल्यावरच करावी, कारण ती आधी केली की पुढची सगळी मापे कोणत्या रेषेपासून घेतली होती याचा गोंधळ उडतो.

वजावट अर्धीच करायची. दोन्ही बाजूंचे वासे फळीला येऊन टेकतात, तेव्हा प्रत्येकाने निम्मी जाडी सोडायची. पण हे २० मिमी आडवे आहेत, उतारावरचे नाहीत. हिशेब करण्यापेक्षा मध्याच्या रेषेशी काटकोनात २० मिमी मोजून तिला समांतर दुसरी रेषा मारावी आणि त्या रेषेवर कापावे. उतारावर ते आपोआप २३ होतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो : एक वासा काळजीपूर्वक कापून त्याचा फर्मा करावा, त्याच्याच मापाचा जोडीदार कापून दोघांची चाचणी घ्यावी आणि मग बाकीचे सगळे त्या फर्म्यावरून आखावेत. प्रत्येक वासा जागेवर धरून कापला, तर भिंतीतला प्रत्येक दोष छपरात उतरतो.

आकडेमोड

वरील रीत आकड्यांत मांडून ठेवतो, म्हणजे ताळा घेता येईल.

३० अंशांच्या उताराला आडव्या मापाला ०.८६६ ने भागले की उतारावरचे माप मिळते आणि आडव्या मापाला ०.५७७४ ने गुणले की उंची मिळते. ३००० मिमीला उंची १७३२ आणि उतारावरची लांबी ३४६४. वळचणीच्या ६०० मिमीला उतारावर ६९३. आढ्याच्या अर्ध्या जाडीला २३. तेव्हा माथ्याच्या प्रत्यक्ष कापापासून शेपटीच्या (वाशाच्या वळचणीकडच्या टोकाच्या) उभ्या कापापर्यंत एकाच कडेवर मोजलेली लांबी ३४६४ − २३ + ६९३ = ४१३४ मिमी होते.

लाकूड मागवताना मात्र ४१३४ हा आकडा फसवा आहे. वाशाची दोन्ही टोके तिरकी कापली जातात, माथ्याचे वरचे टोक आणि शेपटीचे खालचे टोक एकमेकांपासून आणखी दूर असतात. ही वाढ वाशाच्या खोलीवर अवलंबून असते : १५० × ०.५७७४ = ८७ मिमी. म्हणजे लाकडाची किमान लांबी ४२२१ मिमी झाली. ४.२ मीटरचा तुकडा पुरेल असे कागदावर वाटते आणि प्रत्यक्षात तो दोन सेंटीमीटरने तोकडा पडतो. शिवाय टोकाला चिरा गेलेल्या असतात, त्या उडवाव्या लागतात, आणि शेपटी जागेवर कापायची असेल तर थोडे जास्तीचे लाकूड हवेच.

आणखी एक आकडा आत्ताच पाहून घ्यावा. १५० मिमी खोल वाशाचा ३० अंशांत उभा काप १७३ मिमी लांब होतो. आढ्याची फळी याहून कमी खोल असेल तर कापाचा खालचा भाग हवेत लोंबतो. १५० च्या वाशाला १५० चीच फळी आणून ठेवलेली अनेकदा दिसते. ती पुरत नाही.

वळचण

आढ्याची फळी २०० मिमीची सांगितलेली आहे, तेव्हा तेथे अडचण नाही. लाकडाची लांबी मात्र पुन्हा तपासतो.

गुण्या यांच्या उत्तरावरून एक पुढची शंका आली. आलेल्या वाशांची खोली सगळीकडे १५० नाही. काही १४७ भरतात, काही १५३. लाकूड रंधलेले नाही. खाच सगळ्यांना सारख्याच खोलीची घेतली तर वरची पातळी सहा मिलिमीटरने वरखाली होईल, हे दिसते आहे. मग सगळे वासे रंधून एकसारखे करावेत काय?

गुण्या

रंधण्याची गरज नाही. खाचेची खोली हे माप सोडून द्यावे आणि खाचेच्या वर उरणाऱ्या लाकडाचे उभे माप सगळ्या वाशांना सारखे ठेवावे. छपराचे आवरण वाशांच्या वरच्या कडेवर बसते. खालच्या कडेला कोण विचारतो?

आपल्या मापांत ते असे बसते. खाचेची बैठक, म्हणजे आडवा काप, ७५ मिमी धरली तर टाचेची उंची ७५ × ०.५७७४ = ४३ मिमी होते. वाशाची उभी खोली १७३, त्यातून ४३ गेले की टाचेच्या रेषेवर, खाचेच्या कोपऱ्यापासून वरच्या कडेपर्यंत १३० मिमी उरतात. हे १३० पक्के करावे. प्रत्येक वाशावर टाचेच्या ओळंब्याच्या रेषेवर वरच्या कडेपासून खाली १३० मोजून खूण करावी आणि त्या खुणेतून बैठकीची आडवी रेषा आखावी. १५३ च्या वाशाला टाच सुमारे ४७ आणि बैठक ८१ होईल, १४७ च्या वाशाला टाच ४० आणि बैठक ६९. वरून पाहणाऱ्याला पाखे एका सुतात दिसेल आणि खालचा फरक भिंतपट्टीवर लपून जाईल.

याच कारणासाठी फर्मा वाशावर ठेवताना दोघांच्या वरच्या कडा जुळवाव्यात. त्यासाठी फर्म्याच्या वरच्या कडेला दोन ठिकाणी छोट्या फळ्या थोड्या बाहेर येतील अशा ठोकाव्यात, म्हणजे फर्मा वाशाच्या कडेवर लटकून राहतो आणि हाताने जुळवत बसावे लागत नाही.

फर्म्यावर मोठ्या अक्षरात ‘फर्मा’ लिहून ठेवावे आणि तो वासा शेवटी वर चढवावा. नव्याने कापलेल्या वाशावरून पुढचा आखला, त्यावरून त्याच्या पुढचा, असे केले की पेन्सिलीची जाडी दर वेळी जमा होत जाते आणि शेवटचा वासा पहिल्यापेक्षा बोटभर लांब निघतो.

करवतकाठी

मी आकडेमोडीपेक्षा जमिनीवरच्या आखणीवर जास्त विश्वास ठेवतो. सपाट कोबा असेल तर त्यावर सूत मारून ३००० आणि १७३२ चा काटकोन त्रिकोण पूर्ण मापात आखावा, भिंतपट्टीचा आणि आढ्याचा छेदही खऱ्या मापात काढावा आणि वासा त्यावर सरळ ठेवून खाली दिसणाऱ्या रेषा गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) अंगावर उचलाव्यात. कोठून वजा करायचे आणि कोठे मिळवायचे हा प्रश्नच उरत नाही, कारण जे दिसते तेच कापायचे असते.

गुण्याने पावले टाकत लांबी मोजायची जुनी रीतही आहे. गुण्याच्या लांब भुजेवर ५०० आणि आखूड भुजेवर २८८.७ हे आकडे वाशाच्या एकाच कडेवर धरले की आखूड भुजेची रेषा ओळंब्यात येते आणि लांब भुजेची पाणसळीत, म्हणजे आडवी. असा गुण्या सहा वेळा सरकवला की ३००० मिमीचा पाया पार होतो. दोन्ही आकड्यांवर छोट्या पकडी आवळल्या तर गुण्या दर वेळी त्याच कोनात बसतो.

आकडेमोड

जमिनीवरच्या आखणीला माझी हरकत नाही. फक्त त्रिकोणाचा काटकोन गुण्यावर न सोडता कर्ण ३४६४ भरतो का, हे टेपने पाहावे. पावले टाकण्याच्या रीतीबद्दल मात्र मतभेद आहे. गुण्या दर वेळी एक मिलिमीटर घसरला तर सहा पावलांत सहा मिलिमीटर होतात आणि घसरण बहुधा एकाच दिशेने होत असल्यामुळे ती एकमेकींना खात नाही. गुण्याचा उपयोग कोन आखण्यापुरता करावा आणि लांबी एका ताणात टेपने घ्यावी.

टेपही सगळ्या कामाला एकच वापरावा. टेपच्या टोकाची आकडी मुद्दाम स्वतःच्या जाडीइतकी सैल ठेवलेली असते, म्हणजे बाहेरून अडकवले काय किंवा आतून टेकवले काय, माप बरोबर यावे. ती वाकली किंवा तिची रिबीट झिजली की दोन टेपांत दीड-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. शंका असेल तर १०० च्या खुणेपासून मोजावे, पण मग वाचताना १०० वजा करायला विसरू नये, आणि टेपचे दुसरे टोक ज्याच्या हातात आहे त्यालाही ते मोठ्याने सांगावे.

पाणसळ

चर्चा वाशांपर्यंत पोहोचली, पण ६००० हे माप किती ठिकाणी घेतले आहे, हे कोणी विचारलेले नाही. एकाच टोकाला घेतले असेल तर हा सगळा हिशेब त्या एका टोकापुरताच खरा आहे.

भिंतपट्ट्यांमधले अंतर दोन्ही टोकांना आणि मध्ये अशा किमान तीन ठिकाणी घ्यावे. मग खोलीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर खोली तिरकी आहे, अंतरे कितीही सारखी असली तरी. भिंतपट्टी सरळ आहे का हे पाहण्यासाठी तिच्या दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे ठेवून त्यांच्यावरून दोरी ताणावी आणि तसाच तिसरा ठोकळा दोरीखालून फिरवावा. जेथे तो अडकतो तेथे पट्टी फुगलेली आहे आणि जेथे फट दिसते तेथे आत गेलेली आहे. दोन्ही भिंतपट्ट्या एका पातळीत आहेत का, हे पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने पाहावे. लांब अंतराला हातातल्या लेव्हलपेक्षा ती अधिक भरवशाची. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये.

भिंत वाकडी असली तरी भिंतपट्टी सरळ बसवता येते, एवढीच तिची खरी सोय आहे. बोल्ट आवळले असतील तरी ते सैल करून पट्टी दोरीत आणणे सगळे वासे वेगवेगळे कापण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

वळचण

आपण सांगितल्याप्रमाणे मोजले. एका टोकाला ६०००, मध्ये ५९९६ आणि दुसऱ्या टोकाला ६०१२ भरले. कर्णांत ९ मिमीचा फरक आहे. पातळी चांगली आहे. दुसऱ्या टोकाला पट्टी चार-पाच मिलिमीटरच सरकू शकते, कारण बोल्टची भोके तेवढीच मोठी आहेत. उरलेल्या फरकाचे काय करावे?

पाणसळ

तेवढी सरकवून घ्यावी आणि उरलेला फरक खपवून घ्यावा. त्यातही एक बारकावा आहे. अंतर ठरल्यापेक्षा कमी असेल तर फर्म्यावरून कापलेल्या वाशाची टाच भिंतपट्टीपासून थोडी सुटी राहते, पण बैठक पूर्ण टेकते आणि माथाही आढ्याला भिडतो; त्याने काही बिघडत नाही. अंतर जास्त असेल तर टाच आधी अडकते आणि माथ्याशी फट पडते, ती वाईट. म्हणून फर्मा सर्वांत मोठ्या अंतराला धरून कापावा. पट्टी सरकवल्यानंतर मोठ्यात मोठे अंतर ६००८ राहिले, तर पाया ३००४ आणि लांबी ३४६९ धरावी. आढे मात्र सगळीकडे एका पातळीत आणि सुतात ठेवावे. खोलीतला थोडा तिरकेपणा वळचणीच्या कडेला वाटून देता येतो; आढे वाकडे झाले तर ते दुरूनही दिसते.

भारवाहक

खाचेबद्दल दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गुण्या यांनी बैठक ७५ धरली ती योग्य आहे. पूर्ण १०० मिमीची भिंतपट्टी व्यापण्याचा मोह अनेकांना होतो. ३० अंशांत ७५ च्या बैठकीला वाशाशी काटकोनात मोजलेली खाच ३७.५ मिमी खोल जाते, म्हणजे १५० च्या चतुर्थांश. बैठक १०० केली की खाच ५० मिमी होते, म्हणजे एक तृतीयांश. काही ठिकाणचे नियम चतुर्थांशापुढे जाऊ देत नाहीत, काही ठिकाणी एक तृतीयांशापर्यंत चालते. उतार जितका कमी तितकी त्याच बैठकीसाठी खाच उथळ होते आणि उतार जितका तीव्र तितकी ती खोल जाते, म्हणून एका कामातले बैठकीचे माप दुसऱ्या कामात डोळे मिटून उचलू नये. आपल्या आराखड्यात मर्यादा लिहिलेली असेलच. १५३ च्या वाशाची ८१ ची बैठक तिच्यात बसते का, हे अभियंत्याला एकदा विचारून घ्यावे.

दुसरे असे की खाच वाशाला उभा आधार देते, पण भिंतींना बाहेर ढकलणारा जोर अडवत नाही. वासे आढ्याच्या फळीला दोन्ही बाजूंनी टेकलेले असतात तेव्हा ती फळी भार वाहत नाही, ती फक्त वाशांना ओळीत ठेवते. छपराचे वजन वाशांच्या पायथ्याला बाहेरच्या दिशेने रेटत असते आणि तो रेटा समोरासमोरच्या वाशांना बांधणाऱ्या आडव्या तुळया पेलतात. खोलीची उंची मोकळी दिसावी म्हणून या तुळया काढून टाकण्याची कल्पना मध्येच सुचली, तर ती सुताराशी बोलून ठरवायची गोष्ट नाही. तेव्हा आढ्याला खरी भारवाहक तुळई करावी लागते, तिच्या दोन्ही टोकांना खाली पायापर्यंत आधार लागतो आणि सगळा हिशेब बदलतो. उभारणी चालू असतानाही तुळया जोडल्याशिवाय छपरावर आवरणाचे वजन चढवू नये.

करवतकाठी

कापणीबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो.

कापण्यापूर्वी प्रत्येक वासा एका टोकाकडून एक डोळा मिटून पाहावा. बहुतेक लाकडांना थोडा बाक असतोच. बाकाची फुगीर बाजू वर ठेवावी, वजन आल्यावर ती सरळ होते. खाली ठेवली तर पाखे मध्ये खोलगट दिसते. आखणी करण्यापूर्वी वरच्या कडेवर बाण काढून ठेवावा, कारण एकदा खाच कापली की वासा उलटवता येत नाही. फार पिळलेली लाकडे बाजूला काढून त्यांचे आखूड तुकडे करावेत. खाचेच्या जागी मोठी गाठ येत असेल तर तो वासा दुसऱ्या टोकाकडून आखून पाहावा, तरीही बाक वरच राहील याकडे लक्ष देऊन.

रेषेच्या कोणत्या बाजूला करवत चालवायची, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे. गोल करवतीचे पाते दोन-तीन मिलिमीटर लाकूड खाते. ते टाकाऊ बाजूचे खावे आणि रेषा वाशावर अर्धी उरावी. टाकाऊ बाजूला फुली मारण्याची सवय असेल तर हातून चूक होत नाही.

खाच कापताना खरी कसोटी लागते. गोल करवतीचे पाते वर्तुळाकार असल्यामुळे वरच्या अंगाला काप कोपऱ्यापर्यंत पोहोचतो तेव्हा खालच्या अंगाला तो अजून मागेच असतो, आणि खालचाही कोपरा गाठावा म्हणून पाते पुढे रेटले की वरच्या अंगावर काप कोपऱ्याच्या पलीकडे जातो. हा जादा गेलेला काप दिसायला क्षुल्लक असतो, पण वाशाचे लाकूड नेमके तेथेच सर्वांत कमी उरलेले असते आणि चीर जायला तेथूनच सुरुवात होते. म्हणून दोन्ही बाजूंनी कोपऱ्याच्या अलीकडे बोटभर थांबावे, उरलेले हातकरवतीने कापावे आणि कोपरा पटाशीने साफ करावा. हातकरवत शेवटच्या दोन-चार ओढींत उभी धरली की दोन्ही अंगांना कोपरा एकाच वेळी गाठला जातो.

माथ्याचा काप एका दमात व्हावा म्हणून वाशाला दोन घोड्यांवर (लाकूड ठेवण्याच्या टेकण्यांवर) असा आधार द्यावा की सुटणारे टोक मोकळे खाली पडेल. दोन्हीकडून आधार असेल तर कापाची फट मिटते, पाते आवळले जाते आणि यंत्र अंगावर उसळते.

वळचण

भिंतपट्टी सरकवून झाली, मोठ्यात मोठे अंतर ६००८ भरले आणि फर्मा ३४६९ ने कापला. त्याचा जोडीदारही तयार आहे. दोन्ही वासे कोब्यावर आडवे ठेवून, मध्ये ४० मिमीचा ठोकळा धरून आणि टाचांमध्ये ६००८ चे अंतर ठेवून पाहिले. एका वाशाचा माथा ठोकळ्याला घट्ट भिडतो. दुसऱ्याचा वरच्या टोकाला तीन मिलिमीटर सुटतो आणि खालच्या टोकाला टेकतो. लांबी दोघांची सारखी आहे. तीन मिलिमीटर खिळे ठोकताना आवळून येतील, असे येथे सगळे म्हणत आहेत.

आकडेमोड

आवळू नयेत, आधी कारण शोधावे. १७३ मिमी लांबीच्या कापात तीन मिलिमीटरची फट म्हणजे एक अंशाचा फरक. ३००० मिमीच्या पायावर उतार एका अंशाने बदलला तर आढ्याची उंची ७० मिमीने बदलते. म्हणजे फट लहान दिसली तरी ती मोठ्या गोष्टीची खूण असू शकते.

येथे मात्र दिलासा देणारी बाब अशी की पाया आणि दोन्ही वाशांची लांबी बरोबर असेल तर त्रिकोणाचा आकार पक्का झालेला असतो, उतार बदलायला वावच नसतो. तेव्हा दोष उताराचा नाही, त्या एका कापाच्या कोनाचा आहे. खात्रीसाठी त्याच वाशाची बैठक पाहावी. बैठक भिंतपट्टीच्या ठोकळ्यावर सपाट बसत असेल तर फक्त माथ्याचा काप चुकला आहे. बैठकही एका बाजूला सुटत असेल तर त्या वाशाची सगळीच आखणी एक अंश फिरलेली आहे.

एरवी फटीचा अर्थ असा लावावा : वर फट म्हणजे वासे कापाच्या मानाने अधिक उभे राहिले आहेत, खाली फट म्हणजे ते अधिक आडवे पडले आहेत. प्रत्यक्ष उभारणीत खाली फट दिसली तर आढे खाली बसले आहे किंवा भिंती फाकल्या आहेत, हे आधी तपासावे.

वळचण

बैठक सपाट बसते. फिरत्या गुण्याचा (हव्या त्या कोनात आवळता येणाऱ्या गुण्याचा) स्क्रू माथ्याची रेषा आखताना सैल झालेला असावा. टाकाऊ बाजूला लाकूड शिल्लक नसल्यामुळे हा वासा खोलीच्या टोकाला जेथे आखूड वासा लागतो तेथे वापरतो आणि नवा जोडीदार कापतो. कोन आखण्यासाठी आता फिरता गुण्या सोडून पकडी लावलेला साधा गुण्या घेतला आहे.

जाता जाता, पुढे ओसरीच्या छपराला कोपऱ्यात कोनवासा (दोन पाखी जेथे मिळतात त्या रेषेवरचा तिरका वासा) येणार आहे. तिथेही उतार ३० अंशांचाच असेल. हीच रीत तेथे चालेल काय?

गुण्या

रीत तीच, आकडे वेगळे. काटकोनी कोपऱ्यात दोन्ही पाख्यांचा उतार सारखा असेल तर कोनवाशाचा पाया साध्या वाशाच्या पायाच्या १.४१४ पट असतो आणि उंची तीच राहते. ३००० च्या पायाला ४२४३ आणि १७३२, म्हणजे लांबी ४५८३ आणि कोन २२ अंशांहून किंचित जास्त. त्याच्यावर येऊन टेकणारे आखूड वासे मध्यापासून मध्यापर्यंत ४०० मिमीवर असतील तर प्रत्येक पुढचा वासा ४६२ मिमीने आखूड होतो. त्यांच्या माथ्याची रेषा ३० अंशांचीच आखायची आणि करवत ४५ अंशांत कलवून त्या रेषेवर चालवायची. कोनवाशाच्या वरच्या कडा पाख्यांच्या पातळीबाहेर डोके काढतात, त्या उतरवण्याचा विषय मोठा आहे; ओसरी सुरू होईल तेव्हा त्यासाठी वेगळा धागा काढावा.

आता उभारणीपूर्वीचे शेवटचे. आढ्याची उंची वाशांच्या हिशेबातूनच काढावी. पाया ३००४ झाला आहे, तेव्हा उंची १७३४. तिच्यात खाचेवरचे १३० मिळवून मध्यावरची उंची भिंतपट्टीच्या माथ्यापासून १८६४ येते. फळीची वरची कड सपाट असल्यामुळे ती वाशाच्या वरच्या कडेशी फळीच्या अंगावर जुळवायची असते, मध्यावर नाही; २० मिमी आडवे अंतर उताराने १२ मिमी खाली येते, म्हणून फळीची वरची कड १८५२ वर ठेवावी. तात्पुरत्या टेकूंवर फळी या उंचीला धरून आधी दोन्ही टोकांच्या जोड्या बसवाव्यात, मग मधल्या. प्रत्येक वेळी समोरासमोरचे दोन्ही वासे चढवावेत. एका बाजूचे ओळीने चढवत गेले तर फळी दुसऱ्या बाजूला कमानीसारखी वाकते आणि नंतर सरळ होत नाही. वाशांच्या खुणा भिंतपट्टीवर आणि फळीवर वेगवेगळ्या मोजू नयेत. फळी वर नेण्यापूर्वी ती भिंतपट्टीच्या बाजूला धरून दोन्हींवर एकदम मारून घ्याव्यात.

शेपटीच्या रेषेवर आत्ता कापू नये. तेथे चाळीसेक मिलिमीटर जास्तीचे सोडावे. सगळे वासे आणि तुळया पक्क्या झाल्या की दोन्ही टोकांच्या वाशांवर वळचणीचे ६०० मिमी भिंतपट्टीपासून आडवे मोजून खुणा कराव्यात, त्यांच्यामध्ये वरच्या कडांवरून सूत मारावे, प्रत्येक वाशावर सुताच्या खुणेपासून ओळंब्याची रेषा उतरवावी आणि तेव्हाच शेपट्या कापाव्यात. कर्णांतल्या ९ मिलिमीटरपैकी जे काही उरलेले असेल ते त्या सुतात सामावून जाईल.

वळचण

लाकूड ४.५ मीटरचे मागवलेले आहे, तेव्हा शेपटीला जास्तीचे सोडता येईल. ८१ च्या बैठकीबद्दल अभियंत्याला विचारले : दोन वाशांपुरते चालेल असे उत्तर आले, पण ते टोकाच्या जोडीत ठेवू नयेत. बाकाचे बाण काढून झाले आहेत आणि नव्या जोडीदाराचा माथा ठोकळ्याला वरपासून खालपर्यंत भिडला आहे. उद्यापासून फर्म्यावरून बाकीचे आखायला घेतो.

करवतकाठी

पेन्सिल बारीक टोकाची ठेवा आणि खाचेवरचे १३० प्रत्येक वाशावर टेपनेही पाहा, नुसत्या फर्म्यावर सोडू नका. १४७ च्या वाशांवर फर्म्याची खालची कड बाहेर येते आणि हात चुकून तिच्यावरूनच रेषा ओढतो.